यादविगा: दहाव्या वर्षी ‘राजा’ झालेली मुलगी, आणि तिचा होकार

अबोली

पोलंडमधल्या क्राकोवला राहायला येऊन मला तीन वर्षं झाली. ऑफिसला जाताना ट्राम कार्मेलित्स्का रस्त्यावरून जाते. तिथे कार्मेलाइट साधूंचं जुनं चर्च आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीत जाळीआड एक दगड बसवलाय आणि त्या दगडात पावलाचा ठसा आहे. पहिले काही महिने मी तो नुसता बघत जायचे. मग एका पोलिश मैत्रिणीने गोष्ट सांगितली. चर्चचं बांधकाम चालू असताना राणी यादविगा काम बघायला आली. एक पाथरवट रडत होता. बायको आजारी, औषधाला पैसा नाही. राणीने शेजारच्या दगडावर पाय टेकला, बुटाची सोन्याची बक्कल काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. दगडावर चुना सांडलेला होता, त्यात पाऊल उमटलं. ती गेल्यावर पाथरवटाने तो दगड भिंतीत बसवून टाकला.

आपल्याकडे आजी एखाद्या संताची गोष्ट सांगताना जसा आवाज लावते, तसाच त्या मैत्रिणीचा लागला होता. त्या दिवसापासून मी यादविगाबद्दल मिळेल ते वाचत आले. आज इथे मांडतेय, कारण एक प्रश्न मला सोडत नाही आणि तो या मंडळींपुढेच ठेवावासा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. यादविगाचा जन्म 1373 च्या शेवटी किंवा 1374 च्या सुरुवातीला, हंगेरीत. वडील लायोश, हंगेरी आणि पोलंड या दोन्ही देशांचे राजे. आई बोस्नियाची एलिझाबेथ. मुलगा नाही, तीन मुली. यादविगा सगळ्यांत धाकटी. मुलींना गादी मिळावी म्हणून लायोशने 1374 मध्ये कोशित्से इथे पोलिश सरदारांशी सौदा केला. त्यांचा शेतसारा जमिनीच्या एका मापामागे फक्त 2 ग्रोशांवर (ग्रोश म्हणजे तिथलं नाणं) आणला आणि बदल्यात मुलीच्या वारसाला मान्यता घेतली. मुलगी अजून पाळण्यात होती आणि तिच्या मुकुटाची किंमत चुकती झाली होती.

चार वर्षांची असताना, जून 1378 मध्ये, हाइनबुर्गला तिचा विल्हेल्म या ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजपुत्राशी वाङ्निश्चय झाला. तो आठ वर्षांचा. रीत म्हणून दोघा पोरांना एका पलंगावर निजवलं, वर धर्मगुरूंचा आशीर्वाद. जो पक्ष मोडेल त्याने 2,00,000 फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी, भरायचे असं ठरलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

1382 च्या सप्टेंबरात लायोश वारला. हयात मुलींपैकी मोठी मारिया हंगेरीच्या गादीवर बसली. पोलंडच्या सरदारांना दुसऱ्या देशात बसून हुकूम सोडणारा राज्यकर्ता नको होता. जी मुलगी आमच्यात येऊन राहील तीच आमची, असं त्यांनी कळवलं. राहिली यादविगा. आई तिला पाठवायला दोन वर्षं टाळाटाळ करत राहिली, आणि आईची भीती खोटी नव्हती. पोलंडच्या पश्चिम भागात दोन सरदार घराण्यांत यादवी पेटली होती. माझोव्हियाचा राजपुत्र झिमोवित स्वतः गादीवर हक्क सांगत होता, यादविगाला वाटेत पळवून नेऊन लग्न लावायचा त्याचा बेत होता, आणि देशाचा सर्वोच्च धर्मगुरू, ग्न्येझ्नोचा आर्चबिशप बोद्झांता, त्याच्या बाजूने होता.

आणि 16 ऑक्टोबर 1384 ला वावेलच्या, म्हणजे क्राकोवच्या राजगडावरच्या, कॅथेड्रलमध्ये यादविगाच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो याच बोद्झांताने. ती दहा वर्षांची होती. तिला ‘राणी’ म्हणून नाही, लॅटिनमध्ये ‘रेक्स’, म्हणजे राजा म्हणून अभिषेक झाला.

पुढच्याच वर्षी, 14 ऑगस्ट 1385 ला, लिथुआनियाचा महाराजा योगाइला याच्याशी क्रेवो इथे करार ठरला. लिथुआनिया हा तेव्हा युरोपातला जुने देव पूजणारा शेवटचा मोठा देश. त्याने बाप्तिस्मा घ्यायचा, प्रजेला ख्रिस्ती करायचं, कैदी सोडायचे, आपला मुलूख पोलंडच्या मुकुटाला जोडायचा, आणि विल्हेल्मला ते 2,00,000 फ्लोरिन द्यायचे. बदल्यात यादविगा. विल्हेल्म ऐकून घेणाऱ्यातला नव्हता, तो थेट क्राकोवला येऊन दाखल झाला. त्याला वावेलवर घेतलं नाही. फ्रान्सिस्कन मठात दोघं भेटत असत असं म्हणतात. शेवटी त्याला शहर सोडावं लागलं. तेव्हा यादविगा गडाच्या बंद दाराशी गेली, कुऱ्हाड मागून घेतली आणि दार फोडायला लागली. द्मित्र नावाच्या वयस्क खजिनदाराने गुडघे टेकून तिला विनवलं आणि ती थांबली, अशी कथा आहे.

योगाइला 12 फेब्रुवारी 1386 ला क्राकोवात आला. 15 ला बाप्तिस्मा होऊन तो व्लादिस्लाव यागिएलो झाला. 18 ला लग्न, 4 मार्चला राज्याभिषेक. नवरा तिच्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठा, काहींच्या मते वीसहून जास्त.

माझा प्रश्न असा. हा होकार तिचा होता का? इथे पर्यटकांना सांगतात की वावेलच्या कॅथेड्रलमधल्या काळ्या क्रुसासमोर प्रार्थना करून तिने देशासाठी प्रेम सोडलं. मला ते ऐकताना घशात काहीतरी अडकतं. आणि ती नुसती प्यादं होती असं म्हणायलाही मन धजत नाही, कारण पुढची तेरा वर्षं ती जे वागली ते प्यादं वागत नाही. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

सुंदर लिहिलंय, वाचनखूण साठवली. एक शंका. ‘राजा’ म्हणून अभिषेक का? राणीला अभिषेक करायची पद्धतच नव्हती का?

अबोली

@घाटमाथा, राजाच्या बायकोला राणी म्हणून अभिषेक होत असे. स्वतःच्या हक्काने गादीवर बसणाऱ्या स्त्रीसाठी मात्र पोलंडात वेगळा विधी नव्हता. तिच्या बहिणीलाही हंगेरीत ‘राजा’ म्हणूनच मुकुट दिला होता. राजकीय अर्थही होता. विल्हेल्म उद्या नवरा म्हणून आला तर ‘मी राणीचा नवरा, म्हणून राजा’ असं त्याला म्हणता येऊ नये. गादीवर राजा आधीच बसलेला आहे, आणि तो राजा म्हणजे ही दहा वर्षांची मुलगी.

ताम्रपट

अबोली, धागा आवडला. मी वकिली केली आहे, म्हणून माझं लक्ष त्या वाङ्निश्चयाच्या कायद्याकडे गेलं. चर्चच्या कायद्यात लग्नाला संमती लागते, आणि संमती देण्याचं वय मुलीचं 12, मुलाचं 14. त्याआधी लावलेलं लग्न हे पुढच्या लग्नाचं वचन. वय पूर्ण झालं की मुलगा किंवा मुलगी ‘मला हे मान्य नाही’ असं जाहीर म्हणू शकतात आणि वचन सुटतं. मात्र वय झाल्यावर दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र आले तर लग्न पक्कं, मग ते कुणालाच मोडता येत नाही.

आता तुम्ही दिलेल्या तारखा बघा. जन्म 1373 चा शेवट किंवा 1374 ची सुरुवात. म्हणजे तिला 12 पूर्ण झाली ती 1385 चा ऑक्टोबर ते 1386 चा फेब्रुवारी यामध्ये कधीतरी. विल्हेल्म क्राकोवला धावत आला तो 1385 च्या ऑगस्टमध्ये. तो प्रेमाने आला असेलही, पण त्याच्या घराण्याची घाई कायद्याची होती. बारावं लागताच लग्न पक्कं करून टाकायचं. आणि पोलिश सरदारांनी गडाची दारं बंद केली तीही कायद्यामुळेच. दोन्ही पक्ष एका मुलीच्या वाढदिवसाची वाट बघत होते.

लग्नाआधी तिने भर सभेत जुना वाङ्निश्चय नाकारला, ही नोंद आहे. कायद्याच्या दृष्टीने तो क्षण सगळ्यात महत्त्वाचा. त्या दिवशी ती ‘नाही’ म्हणाली नसती तर क्रेवोचा कागद फाडून टाकावा लागला असता. दोन देश, आर्चबिशप, सरदारांची परिषद, सगळे तिच्या तोंडच्या एका वाक्यावर अडकलेले. दबाव होता, नाकारत नाही. पण कायद्याने तिला एक वस्तू हातात दिली होती आणि ती दुसऱ्या कुणाला वापरता येत नव्हती.

रानजाई

ताम्रपट दादा, तुमचं बरोबर असेल. पण माझी मुलगी गेल्या महिन्यात बारा वर्षांची झाली. तिच्या खोलीत रात्री अजून दिवा चालू ठेवावा लागतो. मी हा धागा वाचून तिच्याकडे बघत बसले. कायद्याने तिच्या हातात वस्तू दिली हे वाक्य मला फार जड गेलं. आजूबाजूला सगळे दाढीवाले, आई शेकडो मैल दूर, वडील गेलेले, ज्याच्याशी लहानपणापासून नाव जोडलेलं तो मुलगा दाराबाहेर. अशा वेळी ती जे बोलली त्याला संमती म्हणायचं नाही. मी तरी म्हणणार नाही.

आणि ‘देशासाठी त्याग’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याग मोठ्या माणसाने करायचा असतो.

घाटमाथा

रानजाई +१.

जुनीवही

मी मध्ययुगीन युरोपचा इतिहास बरीच वर्षं शिकवला, म्हणून थोडं साधनांबद्दल. कुऱ्हाडीची कथा, बक्कल नव्हे पण इतर बऱ्याच गोष्टी, यान द्वुगोश या इतिहासकाराच्या बखरीतून येतात. द्वुगोशचा जन्म 1415 चा, म्हणजे यादविगाच्या मृत्यूनंतर 16 वर्षांचा. त्याने बखर लिहायला घेतली ती त्याहून कितीतरी नंतर. तो क्राकोवचा बिशप आणि पुढे कार्डिनल झालेल्या झ्बिग्न्येव ओलेश्नित्स्की याचा चिटणीस होता. ओलेश्नित्स्कीचं यागिएलो घराण्याशी वाकडं. त्यामुळे द्वुगोशच्या लेखणीत यागिएलो म्हणजे अर्धा रानटी, शिकारीचा वेडा, संशयी नवरा. आणि यादविगा म्हणजे सद्गुणांची मूर्ती. दोघं एकमेकांसमोर ठेवून रंगवलेली चित्रं आहेत.

त्याचीच आणखी एक कथा: लग्नाआधी यादविगाने आपला विश्वासू सरदार झाविशा याला यागिएलोकडे पाठवलं, तो न्हाणीघरात असताना बघून ये, लोक म्हणतात तसा केसाळ अस्वल तर नाही ना. तो परत येऊन सांगतो की माणूस चांगला बांध्याचा आहे. आता हा झाविशा ओलेश्नित्सा गावचा, म्हणजे द्वुगोशच्या मालकाच्याच कुळातला. कथेत आपल्या धन्याच्या पूर्वजाला मानाची जागा दिलेली दिसते.

तरी मी कथा फेकून देत नाही. कुऱ्हाडीच्या कथेतून निदान एवढं कळतं की सत्तरएक वर्षांनंतरच्या क्राकोवातही लोकांना ठाऊक होतं की मुलीने सुखासुखी मान तुकवली नव्हती. पवित्र राणीचं चरित्र लिहिणाऱ्याला हा प्रसंग गाळणं सोयीचं होतं. त्याने गाळला नाही.

रानजाई

@जुनीवही, हे पटलं. आभार.

अबोली

काल रात्री उशिरापर्यंत तुमचे प्रतिसाद वाचत होते. रानजाई, बाराव्या वर्षाबद्दल मी तुमच्याशी सहमत होत चाललेय. पण आता पुढचं सांगते, कारण मला गोष्ट तिथे थांबवायची नाहीये.

1387 चं वर्ष घ्या. जानेवारीत हंगेरीतल्या बंडखोरांनी तिच्या आईचा नोव्हिग्रादच्या किल्ल्यात कैदेत खून केला. बहीण मारिया त्याच बंडखोरांच्या कैदेत. आणि पूर्वेला गालिच-रूथेनिया हा प्रांत, जो वडिलांच्या काळापासून हंगेरीच्या सुभेदारांकडे होता, तो पोलंड आपला म्हणत होता. यागिएलो त्या वेळी लिथुआनियात होता, तिथे लोकांचे बाप्तिस्मे चालले होते, व्हिल्नियसला नवीन बिशप नेमला जात होता. फौजेबरोबर पूर्वेला गेली ती यादविगा. वय 13. मार्चमध्ये ल्वूफ शहराने, म्हणजे आजच्या ल्विवने, दारं उघडली आणि तिने शहराचे जुने हक्क कायम केल्याचे कागद दिले. बहुतेक ठाणी लढाईशिवाय आली. गालिचचा हंगेरियन सुभेदार तेवढा काही महिने अडून बसला.

ज्या आईचं सुतक संपलं नसेल, त्या आईच्या राज्याचा हा मुलूख. कैदेतल्या बहिणीच्या हातून घेतलेला. तिच्या मनात काय असेल याचा अंदाजही करवत नाही.

आता चर्चबद्दल. आपण ‘चर्चचा प्रभाव’ म्हणतो तेव्हा एक चर्च डोळ्यांसमोर येतं. त्या काळात तेही एक नव्हतं. 1378 पासून पोप दोन होते, एक रोममध्ये, दुसरा आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला. विल्हेल्मचे वडील लेओपोल्ड आव्हिन्योंच्या बाजूचे. पोलंड रोमच्या बाजूचा. म्हणून विल्हेल्मने तक्रार केली तरी रोमच्या पोपला त्याची बाजू घेण्यात फायदा नव्हता, आणि एक आख्खा देश नव्याने आपल्या कळपात येत होता तो सोडायचा कशाला? 1388 पर्यंत रोमने यागिएलोला ख्रिस्ती राजा म्हणून उघड मान्यता दिली होती.

तिसरी बाजू ट्यूटॉनिक नाइट्सची. हे साधूही आणि सैनिकही. अ-ख्रिस्तींशी धर्मयुद्ध हाच त्यांच्या अस्तित्वाचा आधार. लिथुआनिया ख्रिस्ती झाला तर त्यांनी लढायचं कुणाशी? म्हणून त्यांनी युरोपभर सांगायला सुरुवात केली की हा बाप्तिस्मा ढोंगी आहे, आणि राणीचं खरं लग्न विल्हेल्मशी झालेलं आहे. त्यांच्या महास्वामीला यागिएलोचा धर्मपिता व्हायचं आमंत्रण गेलं होतं. तो आला नाही.

म्हणजे तिच्या अंथरुणाची चर्चा ही दोन पोप, एक लष्करी पंथ आणि तीन राजघराणी यांच्या राजकारणाचा मुद्दा होता. घरातही तेच. ग्न्येव्होश नावाच्या दरबाऱ्याने यागिएलोच्या कानात घातलं की विल्हेल्म लपून येतो. तिने गप्प बसून सोसलं नाही, प्रकरण न्यायसभेपुढे नेलं. द्वुगोश सांगतो की विश्लित्साच्या सभेत ग्न्येव्होशला बाकाखाली शिरून ‘मी कुत्र्यासारखा खोटं बोललो’ म्हणत भुंकायला लावलं. (जुनीवही, इथेही साधन तेच, माहीत आहे.)

ताम्रपट

दोन पोपांचा मुद्दा मला माहीत नव्हता. त्याने चित्र बदलतं. एकच पोप असता आणि त्याला हाब्सबुर्गांची गरज असती, तर निकाल उलटा लागला असता. आणि तिची मुलं अनौरस ठरली असती.

विल्हेल्मचं पुढे काय झालं?

जुनीवही

@ताम्रपट, यादविगा जिवंत असेपर्यंत विल्हेल्मने लग्न केलं नाही. ती 1399 ला गेली, त्याने 1401 मध्ये नेपल्सच्या राजकन्येशी लग्न केलं. कुणी याला निष्ठा म्हणतं. कायद्याने बघायचं तर, दुसरं लग्न करणं म्हणजे पहिला दावा सोडून देणं होतं.

पंचगंगा

मी कोल्हापूरचा. ल्वूफचं नाव वाचून थांबलो. आमच्या शहराजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे 5,000 माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. 1940 मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडातून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे भारतात आली. आजोबा दूध घालायला छावणीत जात. चर्च होतं, शाळा होती, नाताळात मेणबत्त्या लावून रस्त्याने गाणी म्हणत फिरायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकलंय. माझा प्रश्न असा की यादविगाने 1387 ला जो पूर्वेचा मुलूख घेतला, तो हाच का?

अबोली

@पंचगंगा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. हो, त्याच पूर्व सीमाप्रदेशाचा दक्षिण भाग. छावणीतली माणसं त्या पट्ट्यातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतली होती, ल्वूफच्या आसपासचीही. 1387 पासून तो भाग पोलंडच्या मुकुटाखाली आला आणि तिथे पोलिश वस्ती वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा पश्चिमेला सरकली आणि ल्वूफ पोलंडाबाहेर गेलं. वळिवड्याहून परत जायची वेळ आली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना जायला मूळ गावच उरलं नव्हतं. आजोबांच्या आठवणी सवडीने वेगळ्या धाग्यात लिहाच, इथल्या माझ्या मैत्रिणीला मी भाषांतर करून वाचून दाखवेन.

घाटमाथा

पंचगंगा, नक्की लिहा.

अबोली, ती राज्य कसं करत होती यावर अजून सांगा ना. लढाई आणि लग्न सोडून.

अबोली

@घाटमाथा, हा माझा आवडता भाग.

ग्न्येझ्नोजवळ राजाच्या माणसांनी खेड्यातल्या कुळांची गुरं ओढून नेली. बायका रडत आल्या. यादविगाने यागिएलोला सांगून गुरं परत करवली आणि मग विचारलं, गुरं तर दिली, पण यांची आसवं कोण परत देणार? हे वाक्य इथे शाळेतल्या मुलांनाही येतं.

मग विद्यापीठ. क्राकोवचं विद्यापीठ 1364 मध्ये लायोशच्या आधीच्या काझिमिएश राजाने काढलं होतं, पण तो गेल्यावर ते जवळपास बंद पडलं. यादविगाने आणि यागिएलोने पोप बोनिफेस नववा याच्याकडे धर्मशास्त्र शाखेची परवानगी मागितली आणि जानेवारी 1397 मध्ये ती मिळाली. आज ही परवानगी किरकोळ वाटेल. तेव्हा धर्मशास्त्र शिकवण्याची मुभा मोजक्या विद्यापीठांना असायची, पोप हात आखडता घेत. तिची गरज रोकडी होती: लिथुआनियात लाखो माणसं नव्याने ख्रिस्ती होत होती आणि त्यांना त्यांच्या भाषेत शिकवणारे पाद्री नव्हते. त्याच वर्षी तिने प्रागच्या विद्यापीठात लिथुआनियन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढून दिलं.

1397 च्याच उन्हाळ्यात ती इनोव्रोत्स्वावला ट्यूटॉनिक महास्वामी कोनराड फॉन युंगिंगेनला भेटली. वाद दोब्झिन प्रांताचा होता. एका पोलिश सरदाराने, ओपोलेच्या व्लादिस्लावने, तो नाइट्सकडे गहाण टाकला होता. तोडगा निघाला नाही, पण ती होती तोवर मोठं युद्धही झालं नाही. ती गेल्यावर 11 वर्षांनी, 15 जुलै 1410 ला, पोलंड-लिथुआनिया आणि नाइट्स यांच्यात ग्रुनवाल्डची लढाई झाली.

म्हणून म्हणते. ज्या चर्चने बाराव्या वर्षी तिच्या आयुष्याचा निकाल लावला, त्याच चर्चची भाषा, कागद, कायदा ती शिकली, आणि विसाव्या-बाविसाव्या वर्षी त्याच भाषेत पोपकडून हवं ते मिळवून घेऊ लागली. मरताना तिने आपली मालमत्ता विद्यापीठ आणि गरीब यांना वाटून द्यायला सांगितली. दागिने विकून विद्यापीठ उभं राहिलं. 1400 च्या जुलैमध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि आज यागिएलोचं नाव लावतं. मला त्याला यादविगाचं विद्यापीठ म्हणावंसं वाटतं. वावेलला तिच्या थडग्यात सापडलेला राजदंड आणि राजचिन्हाचा गोल ठेवलेत, लाकडाचे, वर सोन्याचा मुलामा. खरे दागिने देऊन टाकले म्हणून तिला लाकडाचा राजदंड. मी तिथे उभी होते तेव्हा माझ्याच्याने हलवेना.

जुनीवही

अबोली, तुमच्या भावनेला धक्का लावायचा नाही, पण शेवटच्या मुद्द्यावर सावध राहा. राजांना पुरताना खरी राजचिन्हं सोबत देण्याची पद्धत सर्रास नव्हती. काझिमिएशचं थडगं 1869 मध्ये उघडलं तेव्हा त्यातही मुलामा दिलेली तांब्याची राजचिन्हं निघाली, आणि त्याने तर काही दागिने विद्यापीठाला दिले नव्हते. लाकूड हे लाकूडच आहे, तांब्याहून हलकं, हे मान्य. पण त्यावरून दानाचा पुरावा निघत नाही. दानाचा पुरावा मृत्युपत्राच्या अंमलबजावणीत आहे. बिशप पिओतर विश आणि क्राकोवचा सरदार यास्को हे तिचे व्यवस्थापक होते, आणि वर्षभरात विद्यापीठ उभं राहिलं.

अबोली

@जुनीवही, हे माहीत नव्हतं. काझिमिएशबद्दलचं वाचून आता मला माझं ते वाक्य मागे घ्यावं लागेल. मूळ प्रतिसाद तसाच ठेवते, खाली तुमचं उत्तर आहेच.

ताम्रपट

एक मुद्दा सुटला. यागिएलोचा हक्क. ती गेल्यावर त्याची गादी टिकली कशी? तो तर तिचा नवरा म्हणून आला होता.

अबोली

@ताम्रपट, त्याला स्वतःलाही हीच धास्ती होती. ती गेल्यावर तो रूथेनियाकडे निघून गेला आणि सगळं सोडून लिथुआनियाला परत जाण्याची भाषा करू लागला. सरदारांनी समजूत काढून आणलं. पुढे त्याने काझिमिएशची नात, त्सेल्येची आना, हिच्याशी लग्न केलं, म्हणजे जुन्या राजघराण्याचा धागा जोडलेला राहील. अभिषिक्त राजा असूनही त्याला हा आधार लागला. यादविगा असेपर्यंत तिच्या रक्ताने तो सांभाळलेला होता.

रानजाई

मी अजून एकच विचारते. तिला मूल झालं होतं का?

अबोली

झालं होतं. लग्नाला तेरा वर्षं होऊन गेल्यावर, 22 जून 1399 ला, मुलगी. सगळा देश वाट बघत होता. यागिएलोने कळवलं होतं की बाळंतिणीची खोली रत्नं आणि जरीच्या पडद्यांनी सजव. तिने उत्तर धाडलं की देवाने वांझपणाचा कलंक काढून टाकला तो थाटामाटाने नव्हे, साधेपणानेच त्याला सामोरं जाईन. बाळाचं नाव एल्झबिएता बोनिफात्सिया, दुसरं नाव धर्मपिता झालेल्या पोपवरून. 13 जुलैला बाळ गेलं. 17 ला यादविगा गेली. ती 25 वर्षांची होती. दोघींना कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीजवळ एकत्र पुरलं.

संतपद तिला 8 जून 1997 ला मिळालं, क्राकोवच्याच मैदानावर, जो पोप आधी याच शहराचा आर्चबिशप होता त्याच्या हातून. इथले म्हातारे लोक सांगतात की त्यांच्यासाठी ती तेव्हा संत झाली नाही, आधीपासून होतीच.

रानजाई

तीन आठवड्यांचं बाळ. आणि तो? यागिएलो?

अबोली

त्याने पुढे तीन लग्नं केली, 1434 पर्यंत जगला, ग्रुनवाल्ड जिंकला. द्वुगोश लिहितो की यादविगाने दिलेली अंगठी त्याने शेवटपर्यंत बोटातून काढली नाही आणि मरताना ती बिशप ओलेश्नित्स्कीच्या हाती दिली.

जुनीवही

ओलेश्नित्स्की म्हणजे द्वुगोशचा धनी, हे इथे पुन्हा सांगायला हवं. धन्याचा मान वाढवायचा तर मरणाऱ्या राजाकडून त्याला काहीही देववता आलं असतं, तलवार, मुलूख, गादीच्या वारसाचा हात. लिहिणाऱ्याने 35 वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोची अंगठी निवडली. क्राकोवात तेव्हा यापेक्षा मोलाची वस्तू त्याला सुचली नसावी.